दोघांपुरतं पांघरूण

"रुंद करायचं म्हणजे काय? चार ओळी इकडे, चार ओळी तिकडे. झालं!" असं मोजणीसाहेब म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोने खरं तर कपाळावर हात मारून घ्यायचा. पण उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायची तिला सवय नव्हती. म्हणून ती नुसतं "बरं" म्हणाली. संसारात "बरं" इतका धोक्याचा दुसरा शब्द नाही. साहेबांना एवढ्या वर्षांत तो धोका एकदाही ऐकू आला नव्हता.

साहेब मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांच्या मधोमध खुणा रोवल्या, आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर जमिनी संपल्या, पण सदऱ्याच्या खिशातली टेप काही सुटली नाही. इमारतीत कुणी नुसती खुर्ची घेतली तरी साहेब जाऊन ती मोजून यायचे. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं, ही गोष्ट वेगळी.

आता हे पांघरूण. बायकोने (तिला सगळी इमारत बाई म्हणते, आपणही बाईच म्हणू) ते क्रोशाच्या सुईने मुलीसाठी विणायला घेतलं, तेव्हा मुलगी एकटी होती आणि तिचा पलंगही एकटीपुरता होता. पांघरूण पुरं व्हायच्या आत मुलीचं लग्न झालं आणि पांघरूण ट्रंकेत गेलं. परवा मुलगी आणि जावई नव्या घरात राहायला गेले. बाईंनी फोनवर कबूल करून टाकलं, "तुझं पांघरूण घेऊन येते. दोघांना पुरेल असं करून आणते." आणि माळ्यावरची ट्रंक काढताना स्टुलावरून पडल्या. ट्रंकेला काही झालं नाही.

मुलगी फोनवर काय म्हणाली तेही सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. ती म्हणाली, "आई, तू एकटी कशी येशील? बाबांना घेऊन ये. पण आले तर त्यांनी त्याच्याशी बोलायचं. नुसतं 'हं' चालणार नाही. आणि बोलायचं नसेल तर येऊच नका म्हणावं त्यांना."

'त्याच्याशी' म्हणजे जावयाशी. जावयाने साहेबांचा गुन्हा असा केला होता की तो बरोबर निघाला होता. लग्नाआधी तो पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी नवं कपाट यायचं होतं. साहेबांनी भिंत स्वतः मोजून सुताराकडून ते करून घेतलं होतं. जावई चहा पिता पिता म्हणाला, "बाबा, हे दारातून आत जाणार नाही बहुतेक." साहेब हसले. मग आतल्या खोलीत उभे राहून त्यांनी हमालांना "या, या, सरळ या" केलं, आणि कपाट दारात असं काही रुतलं की हमाल बाहेर आणि साहेब आत. त्यांना दुपारचा चहा कपाटावरून द्यावा लागला. शेवटी जावयाने दाराची चौकट सोडवून त्यांना मोकळं केलं, आणि वर काही बोललाही नाही! बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. माणूस अपमान एक वेळ विसरेल, पण अख्ख्या इमारतीसमोर झालेली सुटका विसरत नाही. साहेबांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की या माणसाच्या घराचा उंबरठा मी चढणार नाही. मुलगी म्हणाली, "नका चढू." लग्नानंतरही ती फोन करायची तो आईलाच. फोन वाजला की साहेब वर्तमानपत्र तोंडासमोर धरत आणि एकेक शब्द ऐकत. त्यांना लेकीची फार आठवण यायची. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

तर बाईंचा हात मोडला आणि साहेब म्हणाले, "मी करतो. रुंदी म्हणजे माझाच विषय."

लोकर बघितली तर पुरेशी नव्हती. रंग हिरवा, तोही साधा नाही, लिंबू पिवळं पडायच्या आधी असतं तसला. ही लोकर गृहोद्योग भांडारातच मिळते, असं बाईंनी सांगितलं. साहेब अख्खं पांघरूण पिशवीत घालून निघाले. निघण्याआधी त्यांना पांघरुणाच्या टोकाला एक सेफ्टी पिन दिसली. पांघरुणात पिन म्हणजे झोपलेल्या माणसाला धोका, म्हणून त्यांनी ती काढून फेकून दिली. विणकाम अर्धवट सोडताना शेवटचा टाका सुटू नये म्हणून तो पिनेत अडकवून ठेवतात, हे मोजणी खात्यात शिकवत नाहीत.

भांडाराच्या दाराशी एक पहारेकरी बसला होता. तो म्हणाला, "पिशवी इथे ठेवायची."

"अहो, यात नमुना आहे. याच्याशी रंग जुळवायचाय."

"आत जे मिळतं ते बाहेरून आत नेता येत नाही. जाताना तुम्ही तुमचं नेताय की आमचं, कसं कळायचं?"

"मी लोकर घ्यायला आलोय. हे पांघरूण आहे."

"लोकरीचंच ना?"

साहेब स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे नियमापुढे त्यांची मान आपोआप खाली जायची. ते आत गेले. आतल्या मॅडमनी गल्ल्यावर हिरव्या लोकरीच्या लडी मांडल्या, आणि सगळ्याच त्यांना बरोबर वाटल्या. मग ते बाहेर येऊन पांघरुणाकडे टक लावून बघायचे, रंग डोळ्यांत धरायचे, इकडेतिकडे न बघता आत जायचे. पण पायऱ्या चढेपर्यंत रंग डोळ्यांतून निसटायचा. लोकर बाहेर आणून दाखवा म्हटलं, तर आतल्या मॅडम म्हणाल्या, "पावती फाडल्याशिवाय माल बाहेर जात नाही, आणि फाडलेली पावती परत होत नाही." साहेबांच्या अशा येरझाऱ्या बघून रांगेतल्या एका आजोबांनी त्यांना बसायला जागा करून दिली, आणि "साखरेचा त्रास आहे का?" असं हळूच विचारलं.

शेवटी साहेबांनी पांघरुणाचा लोंबणारा दोरा बोटभर कापून घेतला, अंगठीसारखा करंगळीला बांधला आणि ताठ मानेने आत गेले. आतल्या मॅडमनी करंगळी उजेडात नेऊन उलटसुलट बघितली. "हा रंग आता येत नाही," त्या म्हणाल्या. "याच्या जवळचा हा आहे." साहेबांनी तो घेतला. जवळचा म्हणजे चुलत घराण्यातला म्हणावा इतपत जवळचा होता.

बाहेर येऊन बघतात तो पहारेकऱ्याच्या मांडीवर लोकरीचा एक गोल, गरगरीत गुंडा.

"साहेब, तुमचा दोरा सुटत होता," पहारेकरी कौतुकाने म्हणाला. "म्हटलं धुळीत लोळण्यापेक्षा गुंडाळून ठेवावा. बघा, एकसुद्धा गाठ नाही."

खरंच नव्हती. बाईंचं कितीतरी दिवसांचं काम त्याने इतक्या मायेने उसवलं होतं, की साहेबांना धड रागावताही येईना. त्यांनी त्याचे आभार मानले. घरी येईपर्यंत आपण आभार का मानले याचाच ते विचार करत होते.

बाईंनी पांघरूण बघितलं, गुंडा बघितला आणि म्हणाल्या, "बरं."

ही बातमी जिन्यातून वर आणि खाली एकाच वेळी गेली. खालच्या मजल्यावरचा शिंपी आला. त्याने पांघरूण हवेत धरलं आणि म्हणाला, "मधोमध कापा. मी मध्ये मखमलीची पट्टी टाकून देतो. कळणारसुद्धा नाही." हिरव्या लोकरीत मखमलीची पट्टी कुणाला कळणार नाही, हे त्याने सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांचं मत असं, की पाया चुकला की इमारत चुकते, तेव्हा सगळं उसवून पहिल्यापासून सुरू करा. "आम्ही मुलांना पूर्ण धडा पुन्हा लिहायला लावायचो." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना चहा मात्र जमिनीवरूनच द्यावा लागतो. तो साहेबांनी केला, कारण बाईंचा हात मोडला होता.

मग शिकवणी सुरू झाली. बाई डाव्या हाताने दाखवायच्या, साहेब उजव्या हाताने करायचे, त्यामुळे सगळं उलटं व्हायचं. आधी त्यांनी सुई पेनासारखी धरली, मग स्क्रूड्रायव्हरसारखी. लांबीच्या कडेने टाके उचलायचे, साखळी घालायची, मग एकाशेजारी एक खांब, म्हणजे उभे टाके, विणत जायचं. एक कड झाली की उलटून परत. खांब हा शब्द साहेबांना आवडला. जमिनीत खुणेचे खांब त्यांनी पुष्कळ रोवले होते, आणि हलता कामा नयेत असे रोवले होते. इथेही त्यांनी तसेच रोवले. प्रत्येक टाका ओढून ओढून इतका घट्ट करायचे, की पुढच्या ओळीला सुई आत शिरेना.

"अहो, सैल सोडा. दोरा बोटावरून नुसता जाऊ द्या."

"सैल म्हणजे ढिसाळ. मला ढिसाळ काम जमत नाही."

"बरं."

काही दिवसांनी साहेबांनी पांघरूण जमिनीवर पसरलं, म्हणजे पसरायला गेले. ते पसरेना. दोन्ही कडा आवळून वर उठल्या होत्या आणि मधला भाग खाली बसला होता. चार माणसं बसून नदीपार जातील अशी होडी झाली होती. साहेबांनी गुडघे टेकून टेप लावली. रुंदी वाढली होती, अगदी त्यांनी मनाशी धरली होती तेवढी. मग त्यांनी लांबी मोजली. ती घटली होती. सवयीप्रमाणे त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, आणि ते तसेच बसून राहिले.

"काय झालं?" बाई घाबरल्या.

"क्षेत्रफळ तेवढंच आहे," साहेब खोल आवाजात म्हणाले.

एवढे दिवस मान मोडून विणलं, बोटाला घट्टा पडला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर टाके मोजले, आणि हाती आलं काय, तर होती तेवढीच जमीन! नोकरीत असलं प्रकरण आलं असतं तर त्यांनी पुनर्मोजणीचा शेरा मारला असता. इथे ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "दमलो गं मी. होडीच देऊन येऊ त्यांना."

बाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन त्यांनी सगळ्या ओळी एकेक करून निरखल्या. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "ही ओळ बघा. किती छान, सैल आलीय. ही घालताना काय चाललं होतं?"

साहेबांनी आठवलं. "तू पोरीच्या लहानपणचं काहीतरी सांगत होतीस. शाळेतून चिखल घेऊन आली होती ते."

"आणि ही आवळलेली?"

साहेबांनी टेप उगाच उघडली आणि मिटली.

"जावयाचा विषय निघाला होता," बाई म्हणाल्या. "अहो, हाताला सगळं कळतं. मनात अढी धरून बसलात की दोरा आवळतोच. उसवा या, आणि आता प्रत्येक ओळीला जावयाची एक चांगली गोष्ट सांगायची. सांगत सांगत विणायचं."

"हा काय पोरखेळ!"

"बरं. मग देऊ या होडी."

साहेबांनी घट्ट ओळी उसवल्या. सगळं पुन्हा पहिल्या जागेवर आलं. हताश होऊन त्यांनी सुई हातात घेतली.

"सांगा."

"चपला नीट ठेवतो. जोडीने."

"झाली एक. पुढे?"

"दारावर टकटक करून आत येतो." दारावरून त्यांना कपाट आठवलं आणि चार टाके एकदम आवळले गेले. बाईंनी चापट मारून ते उसवायला लावले.

"चहाला नाव ठेवत नाही. तुझ्यासुद्धा."

"माझ्या चहाला काय झालंय?"

"काही नाही गं, ओळ चाललीय ना माझी."

अशा चारपाच ओळी झाल्या आणि साहेबांकडचा माल संपला. त्या माणसाला ते ओळखतच कुठे होते? एकदा चहा प्यायला, एकदा चौकट काढली, आणि लग्नाच्या दिवशी वाकून नमस्कार केला, तो साहेबांनी टेपच्या डबीशी खेळत स्वीकारला. एवढ्या भांडवलावर डबल बेडचं पांघरूण होत नाही.

"तिलाच विचारा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुढे केला.

"काय विचारू? तुझ्या नवऱ्यात चांगलं काय आहे, असं?"

"पलंग विचारा. रुंदी किती ते. नाहीतरी तुम्ही अंदाजानेच विणताय."

हे मात्र लागलं. ज्याने कधी अंदाजाने काही केलं नाही, तो माणूस जावयाला विचारायला नको म्हणून इतके दिवस अंदाजाने विणत होता. साहेबांनी घसा खाकरला आणि नंबर फिरवला. मुलीने उचलला.

"बाबा?" ती म्हणाली.

"पलंग," ते कसंबसं म्हणाले. "तुमच्या पलंगाची रुंदी हवी होती. आईला."

"मला नाही माहीत. थांबा, त्याला देते," असं म्हणून तिने फोन सरळ नवऱ्याच्या हातात दिला. कुणाची मुलगी ती!

"नमस्कार बाबा," जावई म्हणाला.

"हं," साहेब म्हणाले. बाईंनी डोळे वटारले. मुलीची अट आठवून साहेबांनी एकेक शब्द जमिनीतून उपटल्यासारखा काढला. "जरा... पलंग मोजून सांगाल का? माझ्याकडे माप नाही."

माझ्याकडे माप नाही! हे वाक्य मोजणीसाहेबांच्या तोंडून बाहेर पडलं आणि बाई पदराने डोळे पुसायला लागल्या, तेही डाव्या हाताने. पलीकडे धावपळ ऐकू आली. काहीतरी पडलं. कुणीतरी "टेप कुठाय, टेप?" म्हणालं. मग जावई धापा टाकत परत आला आणि त्याने आकडा सांगितला. आवाज असा की परीक्षेला बसलाय. "दोनदा मोजलंय बाबा," तो म्हणाला.

त्यानंतर ओळी बऱ्या यायला लागल्या. दोनदा मोजलंय, हीच एक गोष्ट साहेबांनी पुढच्या कितीतरी ओळींना वापरली. शिंप्याने येऊन "माझी मखमल वाया गेली" म्हटलं. मुख्याध्यापिकांनी दोन हिरव्या रंगांचा काठ बघून "रंगसंगती मुद्दाम केलेली दिसते" असा शेरा दिला. साहेबांनी तो नाकारला नाही. पाठ दुखत होती, मान वळत नव्हती, सुई दिसली की ओकारी यायची, पण पांघरूण एकदाचं झालं आणि जमिनीवर सपाट पसरलं. जावयाच्या मापाला दोन बोटं इकडे नाही की दोन बोटं तिकडे नाही.

मुलीच्या घराच्या दाराशी साहेब जरा थबकले. मग बगलेतलं पांघरूण सावरलं, उंबरठा चढले, आणि आपल्या चपला काढून जोडीने ठेवल्या. मुलीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दाराशीच उभी राहिली. ती बघत होती.

"प्रवास ठीक झाला ना बाबा?" जावयाने विचारलं.

"हं," म्हणता म्हणता साहेब सावरले. "हो. म्हणजे गर्दी होती. तुम्ही कसे आहात?"

मुलीचे खांदे जरा खाली आले.

सगळे झोपायच्या खोलीत गेले. मुलीने एक बाजू धरली, जावयाने दुसरी, आणि पांघरूण पलंगावर पडलं. पडलं ते पसरतच राहिलं. इकडून जमिनीला टेकलं, तिकडून जमिनीवर लोळलं. पलंग कुठे आहे तेच कळेना. जावई पलंगाच्या डोक्याकडे गेला. तिथे दिवे ठेवायला दोन बाजूंना फळ्या बाहेर काढलेल्या होत्या. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने नजर फिरवली, आणि त्याचा चेहरा पडला.

"मी फळ्या धरून मोजलं," तो हळूच म्हणाला. "बाबा, माझं माप चुकलं."

मुलीने वडिलांकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. साहेबांचा हात सवयीने खिशात गेला आणि टेप बाहेर आली. ते पलंगाच्या या बाजूला गेले, त्या बाजूला गेले, वाकले, टेप लावली, चष्मा वर करून आकडा वाचला. पुन्हा लावली. मग टेप मिटवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"नाही हो बाबा, बघा ना, केवढं लोळतंय..."

"मी नोकरीभर हेच केलंय. मी सांगतो, बरोबर आहे. दोघांचं पांघरूण असंच लागतं. एक इकडे ओढतो, एक तिकडे ओढतो, त्याचा हिशेब धरावा लागतो. तुम्ही धरलात ते चांगलं केलंत."

जावई काही म्हणणार होता, पण मुलीने त्याच्या पायावर पाय दिला. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तुम्ही आठ दिवस राहणार आहात हां," ती एकदम म्हणाली आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाली. तिच्या मागे जावईही गेला. आतून नाक ओढल्याचा आणि कुणीतरी कुणाला तरी समजावल्याचा आवाज आला.

खोलीत साहेब आणि बाई दोघंच उरले. बाईंनी खाली लोळणारा काठ डाव्या हाताने उचलून बघितला.

"हातभर जास्त आहे," त्या पुटपुटल्या.

"दीड हात," साहेब म्हणाले.

"मग बरोबर आहे का म्हणालात?"

साहेब पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनी दुखरी मान चोळली, आतल्या आवाजाकडे जरा कान दिला, आणि दमून म्हणाले, "अगं, आता पुन्हा उसवत कोण बसणार?"